अडीच हजार डॉलरांची मस्टँग जीटी: 2005 ते 2009 च्या गाडीवर पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये

फोर्डने 2005 च्या मॉडेलवर्षात मस्टँगला जे नवे रूप दिले, त्यातील जीटी ही आवृत्ती आज अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात बेताच्या कमाईच्या माणसालाही परवडेल अशा भावाला येऊन ठेपली आहे. पुढे व्ही-8 इंजिन, पाच गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद हा जुना मसल कारचा थाट तिच्यात पूर्णपणे आहे. 4.6 लिटरचे आणि प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असलेले हे इंजिन कंपनीच्या आकड्यांनुसार 300 अश्वशक्ती आणि 320 पाउंड-फूट टॉर्क देते. मिशिगनमध्ये, म्हणजे जिथे फ्लॅट रॉकच्या कारखान्यात ही गाडी बनली त्याच राज्यात, मी अशीच एक मॅन्युअल जीटी वापरतो. हे परीक्षण केवळ गाडीचे नाही. गाडी कंपनीतून निघाली तशीच हाती आली असेल आणि तिची धाव वाढवण्यासाठी अडीच हजार डॉलरच खर्चायचे असतील, तर ती या पैशांचे किती चीज करते हे येथे पाहायचे आहे. माझे मत असे की ती उत्तम चीज करते. मात्र हा पैसा टायर, मागचे डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरसंच) आणि इंजिनच्या संगणकातील ट्यून (पेट्रोल, ठिणगी आणि थ्रॉटल यांचे हिशेब ठरवणारी फाइल) यांवर जायला हवा, आणि इंजिनच्या आत एक डॉलरही जाता कामा नये.

त्याआधी देखभालीचा खर्च येतो आणि तो टाळता येत नाही. या इंजिनची सर्वांत कुप्रसिद्ध बाजू म्हणजे त्याचे स्पार्क प्लग. मूळ प्लग दोन तुकडे जोडून केलेले आहेत आणि त्यांच्या टोकाला एक लांब, बारीक नळीसारखे आवरण आहे. हजारो मैल चालल्यावर या नळीभोवती काजळी साचून ती सिलिंडर हेडला घट्ट चिकटते, आणि पान्याने जोर लावला की वरचा भाग हातात येतो व नळी आतच राहते. 2008 च्या मॉडेलवर्षात फोर्डने हेड आणि प्लग दोन्ही बदलले, परंतु त्याआधीच्या गाड्यांना हा धोका कायम आहे. प्लग सुमारे अष्टमांश फेराच सैल करावा, त्याच्या खड्ड्यात कार्ब क्लीनरसारखे काजळी विरघळवणारे द्रव्य थोडेसे सोडावे, किमान पंधरा मिनिटे मुरू द्यावे आणि मग पाना मागे-पुढे करत, थोडे आवळत, थोडे सोडत प्लग बाहेर काढावा. या कामात घाई करणाऱ्या मेकॅनिकच्या हाती गाडी देऊ नये. तुटलेला तुकडा बाहेर काढण्याची खास हत्यारे बाजारात मिळतात, पण एका दिवसाच्या कामाचा त्यात विचका होतो. नवे प्लग एकसंध बनावटीचे घेतले की पुढची चिंता मिटते. प्लग, इंजिन ऑइल, ब्रेकचे चांगले पॅड आणि ताजे डॉट 4 ब्रेक फ्लुइड यांसाठी तीनशे डॉलर बाजूला काढावेत. ज्या गाडीचे ब्रेक धड नाहीत तिचा वेग वाढवण्यात शहाणपण नाही, एवढे सांगून हा विषय सोडतो.

टायरांवर हात आखडता घेणारे लोक मला कधी समजलेले नाहीत. सुमारे साडेतीन हजार पाउंड वजनाच्या या गाडीला कंपनीने 235/55 मापाचे 17 इंची टायर दिले होते, आणि जुन्या गाड्यांवर अनेकदा त्या मापाचे सर्वांत स्वस्त टायर चढवलेले आढळतात. अशा टायरांवर पहिल्या गिअरमध्ये पाय थोडा जास्त दाबला की चाके जागच्या जागी फिरतात आणि असलेली ताकददेखील रस्त्यावर उतरत नाही. मूळच्याच चाकांवर उन्हाळी वापराचे चांगले टायर बसवले, तर साडेसहाशे डॉलरांच्या आसपासच्या या खर्चात गाडीचा पिकअप, वळणावरची पकड आणि थांबण्याचे अंतर या तिन्हींत फरक पडतो. मोठी, चकचकीत चाके घेण्याचा मोह येथे आवरावा, कारण ती बहुधा मूळ चाकांपेक्षा जड असतात आणि त्यांचा खर्च टायरांच्या दर्जातून वजा होतो.

आता डिफरन्शियलकडे वळू, कारण या गाडीत कमी खर्चाचा सर्वांत प्रामाणिक मोबदला येथेच मिळतो. मॅन्युअल जीटीला मागे 3.55 चे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे) असते आणि ऑटोमॅटिकला 3.31 चे. 3.73 चे गिअर टाकले की मॅन्युअल गाडीच्या चाकांना प्रत्येक गिअरमध्ये सुमारे पाच टक्के अधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो, आणि 4.10 टाकले तर साडेपंधरा टक्के. इंजिनला हातही न लावता मिळणारी ही वाढ कायमची असते आणि ती हवामानावर किंवा पेट्रोलच्या दर्जावर अवलंबून नसते. महामार्गावर इंजिन ओरडत राहील ही भीती मला अतिरंजित वाटते. या गिअरबॉक्सचा पाचवा गिअर 0.68 चा आहे, त्यामुळे ताशी 70 मैल वेगाला मूळ गुणोत्तरात इंजिन मिनिटाला साधारण 2,100 फेऱ्यांवर चालते, 3.73 मध्ये 2,200 वर आणि 4.10 मध्ये 2,400 वर. व्ही-8 ला हे ओझे नाही. मॅन्युअल गाडीत 3.73 चा फरक जेमतेम जाणवतो. एवढी मजुरी द्यायचीच असेल तर 4.10 घ्यावे. ऑटोमॅटिकमध्ये मात्र 3.31 वरून 3.73 वर गेल्यास जवळपास तेरा टक्क्यांची वाढ मिळते आणि रोजच्या वापराला ती पुरेशी आहे.

हे काम घरी करण्याजोगे नाही. मागचा 8.8 इंची ॲक्सल मजबूत आहे, परंतु पिनियनच्या (त्यातील लहान गिअरच्या) मागची शिम, म्हणजे पातळ चकती, किती जाडीची असावी आणि दोन गिअरांमध्ये मोकळीक किती असावी, हे इंचाच्या हजाराव्या भागांत ठरते. चांगला कारागीर मोठ्या गिअरच्या दातांना पिवळी पेस्ट लावतो, गिअर हाताने फिरवतो आणि दातावर उमटलेला ठसा मध्यभागी आला आहे की मुळाकडे किंवा टोकाकडे सरकला आहे हे पाहून शिम बदलतो. तो ठसा दाखवा असे गॅरेजला आधीच सांगावे, किंवा त्याचे छायाचित्र मागावे. देण्यास का-कू करणारे गॅरेज टाळावे. ठसा चुकला तर महामार्गावर मागून एकसुरी हुंकार ऐकू येऊ लागतो आणि मग सगळे काम पुन्हा करावे लागते. डिफरन्शियल उघडलेलेच असते तेव्हा त्यातील क्लचच्या चकत्याही पाहून घ्याव्यात आणि तेलाबरोबर फ्रिक्शन मॉडिफायर घातला आहे ना याची खात्री करावी, अन्यथा सावकाश वळताना मागून कुरकुर येते. पहिले 500 मैल सौम्यपणे चालवावे. सुटे भाग आणि मजुरी मिळून सातशे डॉलरांच्या आसपास खर्च येतो.

यानंतर एअर इनटेक (इंजिनला हवा पुरवणारी नळी आणि फिल्टर) आणि ट्यून. या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र धरतो, कारण या गाडीत त्या वेगळ्या केल्या तर पैसे तरी वाया जातात किंवा इंजिन तरी धोक्यात येते. हवेचे प्रमाण मोजणारा सेन्सर हवेच्या नळीतच बसतो. नळी रुंद केली की तेवढ्याच हवेचा वेग कमी होतो, सेन्सरला हवा कमी आहे असे वाटते, संगणक पेट्रोल कमी सोडतो आणि 6,000 फेऱ्यांवर, पूर्ण भाराखाली, मिश्रण घातक पातळीपर्यंत पातळ होते. म्हणून रुंद नळीचा इनटेक त्याच्यासाठी लिहिलेल्या ट्यूनशिवाय कधीही चालवू नये. उलट, ट्यून न लागणारे जे संच विकले जातात ते मूळ नळीचाच व्यास राखतात. त्यांतून आवाज वाढतो, ताकद फारशी वाढत नाही.

इनटेक आणि हातात धरण्याचा ट्यूनर (गाडीच्या संगणकात ट्यून भरणारे यंत्र) मिळून सातशे डॉलर धरावेत. त्यातून चाकांवर पंधरा ते वीस अश्वशक्तीची वाढ अपेक्षित धरणे वाजवी आहे. मूळ मॅन्युअल गाडी डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) चाकांपाशी साधारण 260 दाखवते, हे ध्यानात ठेवले म्हणजे जाहिरातींतील आकडे किती फुगवलेले असतात ते कळते. तरीही ट्यूनमुळे गाडी आकड्यांपेक्षा कितीतरी तरतरीत वाटते, आणि त्याचे कारण पेडलमध्ये आहे. या गाडीत पेडल आणि थ्रॉटल यांच्यामध्ये तार नाही, संगणक आहे, आणि कंपनीने त्याला पेडलच्या हुकमाला बराच मवाळ प्रतिसाद देण्यास शिकवले आहे. ट्यून हा मवाळपणा काढून टाकते. याला फसवणूक म्हणता येणार नाही, पण डायनोचा कागद पाहून निराश झालेला मालक त्याच संध्याकाळी गाडी चालवून खूश का होतो, याचा उलगडा त्यातून होतो. गिअर बदलल्यामुळे चुकीचा वेग दाखवणारा स्पीडोमीटरही याच ट्यूनरने दुरुस्त होतो, त्यामुळे दोन्ही कामे लागोपाठ करावीत. मूळ इंजिन 87 ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर चालते. 91 किंवा 93 ऑक्टेनची ट्यून टाकल्यावर मात्र दर वेळी महागडे पेट्रोलच भरावे लागते, आणि हा खर्च अंदाजपत्रकात कुणीच लिहीत नाही.

या पाककृतीला सर्वांत भक्कम दाखला खुद्द फोर्डनेच दिला आहे. 2008 मध्ये आलेल्या बुलिट आवृत्तीत कंपनीने याच इंजिनला मोकळा इनटेक, नवी ट्यून आणि 3.73 चे गिअर दिले आणि ताकद 315 अश्वशक्तीवर नेली. इंजिनच्या आत हात घालण्याची गरज कंपनीच्या अभियंत्यांनाही वाटली नाही.

उरलेल्या दीडशे डॉलरांत मागचे खालचे कंट्रोल आर्म (ॲक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) बदलावेत. मूळचे आर्म पातळ पत्र्याचे आणि मऊ रबराच्या बुशांचे आहेत, आणि जोरात निघताना संपूर्ण ॲक्सल उड्या मारू लागतो तो त्यांच्यामुळेच. मजबूत आर्म बसवल्यावर थोडा आवाज केबिनमध्ये येतो, तो सोसावा. गाडी खाली बसवण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. उंची कमी केली की पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे) ॲक्सल एका बाजूला सरकतो, मग कमी-जास्त करता येणारा रॉड घ्यावा लागतो आणि खर्चाला फाटे फुटत जातात.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात: मागचे दोन सायलेन्सर बदलल्याने आवाज सुरेख होतो आणि ताकद जवळपास तेवढीच राहते. हौस असेल तर कुणीतरी काढून विकलेले जीटी500 चे (याच मस्टँगच्या अधिक ताकदवान आवृत्तीचे) सायलेन्सर घ्यावेत, ते सरळ बसतात. धुरातील विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र काढू नयेत. मिशिगनमध्ये गाडीच्या धुराची नियमित तपासणी होत नाही हे खरे, परंतु संघराज्याचा कायदा येथेही लागू आहे, आणि कॅलिफोर्नियात तर इनटेकलासुद्धा तेथील हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. महाराष्ट्रातून याविषयी विचारणाऱ्यांना इतकेच सांगता येईल की 2016 पासून भारतात अधिकृतपणे विकली गेलेली मस्टँग ही यानंतरच्या पिढीची, पाच लिटर इंजिनाची होती, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम 52 अशा फेरबदलांना तेथे फारच थोडी जागा ठेवते.

अडीच हजार संपले. यापुढे सुपरचार्जरचे नाव निघतेच. तो बसतो आणि चालतोही, परंतु त्याच्या संचालाच पाच हजारांहून अधिक डॉलर लागतात आणि या इंजिनचे पावडर धातूचे कनेक्टिंग रॉड चाकांवरील चारशे-साडेचारशे अश्वशक्तीपुढे भरवशाचे राहत नाहीत. शिवाय 2011 मध्ये फोर्डने जीटीला पाच लिटरचे नवे इंजिन दिले, ज्याची ताकद कारखान्यातूनच 412 अश्वशक्ती आहे. तेवढी ताकद हवी असलेल्याने 4.6 वर पैसे ओतण्यापेक्षा ही गाडी विकून ती घ्यावी. मात्र हलक्या हाताने सुधारलेली 4.6 रोज कामावर नेता येते, दुरुस्तीला सोपी आहे आणि तिचे सुटे भाग अजूनही सहज मिळतात; माझ्या गरजेला ती पुरते.

आधीच सुधारलेली जीटी विकत घेण्याचा विचार असेल, तर विक्रेत्याकडे ट्यूनर आहे का हे पहिल्यांदा विचारावे. हे यंत्र एका वेळी एकाच गाडीशी जोडले जाते आणि कंपनीची मूळ फाइल त्याच्यातच साठवलेली असते. ते हरवले असेल, तर संगणकात कुणी लिहिलेली, कोणत्या पेट्रोलची आणि कोणत्या इनटेकची ट्यून आहे हे कळण्यास मार्ग नसतो. अशा गाडीच्या किमतीतून नव्या ट्यूनरचे पैसे वजा करून घ्यावेत, आणि तोवर टाकीत 93 ऑक्टेनचेच पेट्रोल भरावे.