पाच कार्डं, एकच डाग

विक्रेत्याने मला जुन्या फोटो-पोस्टकार्डांची फक्त पुढची बाजू दाखवली आणि मी तेवढ्यावर पैसे पाठवले. पाठीचे फोटो दोनदा मागितले होते. ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, आज ठरवा’ असं उत्तर आलं. वर त्याने पैसे विक्रीच्या साइटबाहेर, थेट खात्यात मागितले, थोडी सूट देऊन. तेही मी मान्य केलं.

कार्डं डेटनच्या पुराची होती. मार्च १९१३मध्ये ग्रेट मायामी नदीने ओहायोतलं हे शहर बुडवलं. २५ तारखेला बांध फुटले, भर बाजारपेठेत काही ठिकाणी २० फुटांपर्यंत पाणी चढलं, ३६०हून अधिक माणसं गेली. त्या काळी निगेटिव्हवरून थेट पोस्टकार्डाच्या फोटो-कागदावर प्रती काढत. अशा कार्डावर पूर पाहिलेल्या कुणीतरी घरच्यांना चार ओळी लिहिलेल्या असतात. मला ती माणसं हवी होती, नुसतं चित्र नको होतं.

पाकीट उघडलं. पाचही कार्डं कोरी, छान पिवळसर. मग पाठी एकाशेजारी एक मांडल्या आणि पोटात गोळा आला. पाचही कार्डांवर शाईचा डाग होता, त्याच जागी, त्याच आकाराचा. बोट फिरवलं तर डागही गुळगुळीत. तो छापलेला होता.

भिंग लावलं तर घरांच्या छपरांवर बारीक रंगीत ठिपके. खऱ्या फोटो-कार्डात ठिपके नसतात, काळ्यातून करडा रंग सलग उतरत जातो. अंधारात अतिनील टॉर्च मारला, तर कागद निळा-पांढरा चमकला. तशी चमक आणणारी रसायनं १९१३च्या कागदात नव्हतीच. तिकिटाच्या चौकटीत ‘अ‍ॅझो’ हे फोटो-कागदाचं नाव आणि चार कोपऱ्यांत त्रिकोण होते: दोन वर टोक केलेले, दोन खाली. तो छाप साधारण १९१८नंतरचा. पुराच्या वेळी चारही त्रिकोण वर असत. म्हणजे पाठ नंतरच्या कुठल्यातरी कार्डावरून उचललेली. हा छाप पाठीच्या एका फोटोत दिसला असता. म्हणूनच तो फोटो मिळाला नाही.

साइटने हात वर केले, कारण व्यवहार त्यांच्यामार्फत झालाच नव्हता. विक्रेत्याचं खातं आठवड्यात बंद झालं.

गेल्या महिन्यात तीच पाच दृश्यं वेगळ्या नावाने पुन्हा विक्रीला आली आहेत. डाग पाठीवर, उजव्या खालच्या कोपऱ्यात, चिंचोक्याएवढा आहे.