डी-टू स्टीलचा नवा फोल्डिंग चाकू: उसात, पोत्यांवर आणि गुऱ्हाळावर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याबी टूलरूममध्ये जाऊन एचसीएचसीआर, म्हणजे जास्त कार्बन आणि जास्त क्रोमियमचं स्टील म्हणा, लगेच पत्रा कापायचे-दाबायचे साचे, म्हणजे पंच आणि डाय, डोळ्यासमोर येणार. तेच स्टील आता फोल्डिंग चाकूच्या पात्यावर डी-टू नावानं छापून येतंय, आणि दिवसभर त्याच्याशीच झटापट चालते म्हणून मला हा चाकू घ्यायचाच होता. ऑनलाइन अडीच हजाराच्या आसपास पडला. पातं साडेतीन इंच, पाठीला साडेतीन मिमी जाड, मूठ काळ्या जी-टेनची (काचतंतू आणि रेझिनचा कडक पत्रा), आत पातं उघडं धरून ठेवणारं लायनर लॉक.

पहिल्यांदा धारेचं बोलतो, कारण पैसे त्याचेच आहेत. डी-टूमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम बारा टक्क्यांच्या जवळपास, त्यातनं क्रोमियम कार्बाइडचे कडक दाणे तयार होतात आणि तेच धार धरून ठेवतात. शेतात ठिबकच्या 16 मिमीच्या लॅटरल कापल्या, खताची पोती फाडली, नायलॉनची दोरी तोडली, कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके फोडले, आणि पुठ्ठा धारेला लय वाईट असतो बरं का, वाळू चोळल्यासारखी धार खातो. तरीबी टोमॅटो दाबायला न लागता कापत होता. इथं चाकू शंभर टक्के पास. हार्डनिंग-टेम्परिंग, म्हणजे स्टील तापवून कडक आणि चिवट करायचं काम, नीट झालंय, धारेवर कुठं तुकडा उडालेला नाही की धार मुडपलेली नाही, दोन्ही गोष्टी मी भिंगाखाली बघितल्या.

पण खरी अडचण जाडीची आहे. लोकांना वाटतं पातं जाड म्हणजे चाकू दणकट. कापताना काम करतो तो धारेच्या लगेच मागचा भाग, आणि तो इथं जाडच ठेवलाय. उसाचं कांडं सोलायला घेतलं की वरची साल नीट निघते, पण आत जरा खोल घातला की पातं पाचरीसारखं बसतं, कांडं कापायच्या ऐवजी फोडतं आणि मनगटावर सगळा जोर येतो. आपला विळा किती पातळ असतो बघा आणि दिवसभर कसा चालतो. कंपनीनं पाठीची जाडी तशीच ठेवून धारेकडं पातं उतरतं केलं असतं तर ह्या किमतीत ह्याला तोड नव्हती.

लॉकबद्दल मात्र मनापासून समाधान आहे. लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आतली स्टीलची पट्टी पात्याच्या बुडामागं येऊन बसते, ती अर्धवट बसली तर पातं बोटांवर मिटणार, त्यामुळं मी पहिल्यांदा तेच तपासलं. ओल्या पोत्यात घालून ओढला, रबरी बेल्ट कापला, तेलकट हातानं वापरला, पट्टी जागची हलली नाही. टोक धरून वरखाली हलवलं तर कणभर खेळ नाही. डावी-उजवीकडं बारीक खेळ आला होता, तो टी-एटच्या (चांदणीच्या आकाराच्या) बिटनं पिव्हटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या पिनीचा, स्क्रू थोडासाच आवळल्यावर गेला. जास्त आवळू नका, पातं अडकतं. आणि कुणी दगडानं पाठीवर ठोकून लाकूड फोडायला सांगत असेल तर ऐकू नका, फोल्डिंग चाकूचा सगळा भार एका पिनीवर असतो, त्या कामाला कोयता आहे.

गुऱ्हाळावर वेगळाच अनुभव आला. गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, बांधायची सुतळी कापायला घेतला होता, काकवीचा हात लागला आणि ती पिव्हटमध्ये शिरली. आत बेअरिंग आहे, मग काय, झटक्यात उघडणारं पातं चिकटून बसलं. पण गूळ गरम पाण्यात विरघळतोच, चाकू उघडून गरम पाण्यात बुडवून दोन-चार वेळा उघडझाप केली, फडक्यानं कोरडा केला, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, परत पहिल्यासारखा. बेअरिंगऐवजी साधा वॉशर असता तर शेतकऱ्याला जास्त बरं पडलं असतं असं माझं मत.

गंजाचं लक्षात ठेवा. बारा टक्के क्रोमियम ऐकून स्टेनलेस समजू नका, त्यातलं बरंच क्रोमियम कार्बाइडमध्येच अडकलेलं असतं. उसाचा रस आम्लधर्मी, तो पात्यावर रात्रभर राहिला की सकाळी तपकिरी ठिपके दिसणार. पुसून तेलाचा हात फिरवला तर काही होत नाही, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे रोजचंच काम समजा.

धार लावायला साधा दगड घेऊन बसाल तर दमाल, डायमंड स्टोन घ्या. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्याकडं बिलकुल देऊ नका, कोरड्या चाकावर धारेला निळा रंग चढला की टेम्पर, म्हणजे स्टीलचा कडकपणा, गेलंच म्हणायचं. आणि अंबाबाईच्या दर्शनाला जाताना घरी ठेवा, उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर हँडबॅगेत घालू नका.

घ्यावा का? पोती, दोऱ्या, पाइप, खोके असली कामं असतील तर डोळे झाकून घ्या. फळं-भाज्या कापायला किंवा ऊस सोलायला पाहिजे असेल तर दोन-अडीच मिमीच्या पात्याचा बघा. मी माझा ठेवणार आहे, टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर कूलंट सोडत सोडत धारेमागची जाडी थोडी उतरवून घेणार, आणि मग पुढच्या हंगामात परत उसात घालणार.