जॅझची सुरुवात: आर्मस्ट्राँग की माइल्स डेव्हिस?

आमच्या मोझरीकडच्या गावांत कान घडतात ते खंजिरी भजनावर. अशा कानानं अमेरिकेतलं जॅझ संगीत ऐकायला कुठून सुरुवात करावी?

ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची १९२५ ते १९२८ मधली रेकॉर्डिंगं तीनेक मिनिटांची. चाल ठसठशीत, ठेका पायाला लगेच कळतो. पण ध्वनिमुद्रण जुनं, खरखरीत. साध्या मोबाइलवर वाद्यं एकमेकांत मिसळतात.

माझा कौल ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमला. त्यातलं पहिलंच ‘सो व्हॉट’ नऊ मिनिटांचं, म्हणून घाबरू नका. ३२ बारांचं (बार म्हणजे इथं चार मात्रांचा गट) आवर्तन आहे: १६ एका स्वरमालेवर, ८ अर्धा स्वर वर, शेवटचे ८ पुन्हा मूळ जागी. सम धरायची सवय असलेल्याला ही वळणं दोन-चारदा ऐकून सापडतात. मग डेव्हिसच्या ट्रम्पेटनंतर त्याचा साथीदार जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन त्याच चौकटीत किती वेगळं बोलतो, ते कळून अंगावर काटा येतो! रात्री ओलितावर धुऱ्यावर बसलात की इअरफोन लावून ऐका.

आर्मस्ट्राँग नंतर, घरी चार जण असताना. फक्त १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची सुरुवात, साथीशिवायचा तो ट्रम्पेट, एकट्यानं ऐका.