आईच्या फोनमधलं बोलकं ॲप: उत्तर रचणारं की साठ्यातलं ऐकवणारं?

घरातल्या थकलेल्या माणसांसाठी देवाधर्माचं बोलकं ॲप करायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच दोन वाटा समोर येतात. एका वाटेत भाषा-मॉडेल, म्हणजे वेबवरच्या ढीगभर मजकुरावरून बोलायला शिकलेलं सॉफ्टवेअर, प्रश्न ऐकतं, उत्तर स्वतः जुळवतं आणि यंत्राच्या आवाजात बोलतं. दुसऱ्या वाटेत यंत्राचं काम फक्त प्रश्न समजून घेण्यापुरतं असतं. उत्तर आधीच माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं असतं, ॲप ते शोधून ऐकवतं. मी दोन्ही करून पाहिलीत, आईच्या हातात दिलीत, आणि आज तिच्या फोनमध्ये त्यातलं एकच आहे. ज्यांना आपल्या गावासाठी, मंडळासाठी किंवा घरासाठी असं काही करायचंय, त्यांना माझा अनुभव कामी यावा म्हणून लिहितोय.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, म्हणजे जनाबाईच्या मुलखात. आईचं वय 76. डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक टाइपाची पोथी वाचवत नाही, पण पाठ पुष्कळ आहे. तिला हवं असतं ते एवढंच, की सकाळी भूपाळी, दुपारी एखादा अध्याय, संध्याकाळी हरिपाठ, आणि मधूनमधून "आज तिथी कोणती रे?"

रचणाऱ्या ॲपचं कौतुक आधी मोकळेपणानं करतो. त्याला आडवळणाचं बोलणं फार छान समजतं. आई कधीही "अमुक अध्याय लाव" असं म्हणत नाही. ती म्हणते, "काल अर्धं ऱ्हायलं होतं ना, तिथून लाव की." किंवा "ते पैठणच्या महाराजांचं लाव." एकनाथांचं हवंय, हे त्या ॲपला पहिल्याच फटक्यात कळलं. साठ्याच्या ॲपला मला हे एकेक करून शिकवावं लागलं. "म्हणायलंय, करायलंय" ही आपली बोली तर दोन्हीकडे अडखळतेच, कारण ऐकून लिहून घेणारी यंत्रणा बहुतेक पुस्तकी मराठीवर तयार झालेली असते. तिथं कुणालाच जास्त गुण देता येत नाहीत.

दुसरी गोष्ट सोबतीची. रात्री दोनला झोप उडाली की रचणारं ॲप गप्पा मारतं. साठ्याचं ॲप गप्पा मारत नाही. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना तेच आवडलं, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. एकट्या माणसाला रात्री कुणीतरी "हं" म्हणणारं लागतं.

आवाजात मात्र फरक पडतो. वय झालं की कानाला आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून स, श, थ ही अक्षरं निसटतात. त्यात यंत्राचा बारीक, चकचकीत आवाज आणखी कठीण जातो. शिवाय ओवीचा चरण कुठं संपतो हे यंत्राला कळत नाही, ते गद्यासारखं वाचत सुटतं. "जातं" हा शब्द ते "जीव"मधला ज घेऊन म्हणायचं. जनाबाईच्या मुलखात जात्याचा ज चुकला तर ऐकणारी बाई पुढचं ऐकतच नाही, "काय म्हणलं ते?" एवढंच विचारत बसते. यंत्राचे आवाज वर्षागणिक सुधारतायत, त्यामुळे हा मुद्दा उद्या कदाचित उरणारही नाही.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीनं झाला ती वेगळीच आहे.

2025च्या आषाढी एकादशीला, म्हणजे 6 जुलैला, मी गावी होतो. रचणारं ॲप तेव्हा आईच्या फोनमध्ये होतं. मी परतलो, आणि पुढच्या रविवारी तिनं त्याला विचारलं, "श्रावण कधी लागायलाय?" त्यानं सांगितलं, श्रावण सुरू झालाय आणि उद्या, 14 जुलैला, पहिला श्रावणी सोमवार आहे. आईनं रात्री साबुदाणा भिजवला आणि सोमवारी उपास धरला. दुपारी शेजारच्या काकू आल्या, त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. अजून आषाढच चालू होता. आपला श्रावण लागायचा होता 25 जुलैला आणि पहिला सोमवार होता 28 तारखेला.

चूक कुठून आली असावी हे मला लगेच लक्षात आलं. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच, पण वद्य पक्षाला तिकडे पुढच्या महिन्याचं नाव मिळतं. म्हणून तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. त्या वर्षी तो 11 जुलैला लागला होता. वेबवर हिंदी मजकूर मराठीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे मॉडेलनं तिकडचा श्रावण आमच्या ओसरीवर आणून ठेवला.

एक उपास जास्तीचा घडला, त्यानं काही बिघडलं नाही. मला लागलं ते आईचं बोलणं. शनिवारी मी पुन्हा घरी आलो तेव्हा ती म्हणाली, "दिव्याची अवस झाली न्हाई अन् श्रावण कसा लागंल, असं मला वाटलं होतं बघ. पण ते इतकं ठासून सांगायलं, मला वाटलं माझंच इसरायलंय आता." साठ वर्षं जिनं सगळे सणवार तोंडपाठ सांभाळले, तिनं स्वतःच्या आठवणीवर शंका घेतली, तीही मी हातात दिलेल्या फोनमुळे.

मी तिच्यासमोरच फोन उचलला आणि विचारलं, "महाराष्ट्रात श्रावण 25 जुलैला लागतो ना?" ते म्हणालं, हो, अगदी बरोबर, चुकीबद्दल क्षमस्व. आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तिच्या पद्धतीनं विचारलं, "अन् आता श्रावण लागलाय ना?" ते म्हणालं, हो, श्रावण सुरू आहे. तिनं फोन बाजेवर पालथा ठेवला. म्हणाली, "आपण म्हणू तेच म्हणायलंय की हे. मग इचारायचं कशाला?"

त्या "हो"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठामपणे चुकायचं आणि टोकलं की तितक्याच ठामपणे मान डोलवायची. तरुण माणूस दोन ठिकाणी ताडून बघतो. म्हातारं माणूस देवाधर्माच्या आवाजात आलेलं उत्तर कीर्तनकाराच्या शब्दासारखं घेतं. मी नंतर मॉडेलला वर्षभराचं मराठी पंचांग तक्ता करून दिलं. सरळ प्रश्नाला बरोबर उत्तरं येऊ लागली, आडवळणाच्या प्रश्नाला मधूनच पुन्हा घसरायचं. माझ्या मांडणीतही काही राहिलं असेल, जास्त जाणकार माणूस ते बसवून दाखवेल. पण रोज उठून तपासत बसायची माझी तयारी नव्हती.

साठ्याच्या ॲपमध्ये तिथी विचारली की तक्त्यातली ओळच वाचली जाते. तक्ता वर्षातून एकदा हातानं भरायचा आणि गावातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचा. एकादशी दोन दिवस आली तर स्मार्त आणि भागवत अशा दोन नोंदी ठेवायच्या. वारकऱ्याला भागवत हवी असते, तेव्हा पहिल्यांदा ॲप सुरू करतानाच ते विचारून घ्यायचं. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, तोही वेगळा नोंदवायचा. आणि साठ्यात नसेल ते विचारलं तर ॲप म्हणतं, "हे माझ्याकडं नाही." हे वाक्य मी आमच्या भजनी मंडळाच्या विणेकऱ्यांच्या आवाजात घेतलंय. आई ते ऐकून नाराज होत नाही. माहीत नाही असं सांगणारा माणूस तिला ओळखीचा वाटतो.

मेहनत इकडे जास्त, हे कबूल. ध्वनिमुद्रणासाठी आम्ही शाळेला सुट्टी असताना एका खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद ठेवला, फोन पाटावर ठेवला आणि घाम पुसत बसलो. टाळ जवळ असला की आवाज फाटतो, टाळकऱ्यांना दारापाशी बसवा. संतांचे अभंग कुणाच्याही मालकीचे नाहीत, पण गाजलेल्या गायकांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर प्रसिद्धीनंतर 60 वर्षं हक्क असतो, ती उचलू नका. आपल्याच माणसांकडून म्हणवून घ्या आणि लेखी संमती घ्या. 64 केबीपीएस या दर्जाला ध्वनिमुद्रणाचा एक तास साधारण 29 एमबीत बसतो, म्हणजे चाळीस तासांचा साठा सव्वा जीबीच्या आत. तो फोनमध्येच राहतो, त्यामुळे पावसात रेंज गेली तरी हरिपाठ थांबत नाही. प्रश्न समजायला मात्र नेट लागतं, म्हणून नेट नसताना चालतील अशी चार मोठी बटणं ठेवलीत.

बटणावरून आठवलं. हाक मारून जागं होणारं ॲप टाळा, कोणत्याही वाटेनं जात असलात तरी. भजन चालू असलं की ते मध्येच जागं होतं. आणि म्हातारं माणूस बोलताना श्वास घ्यायला थांबलं की यंत्राला वाटतं बोलणं संपलं. एकदा दाबलं की ऐकायचं, पुन्हा दाबलं की थांबायचं, हे आईला जुन्या टेपरेकॉर्डरमुळे लगेच जमलं. दाबून धरायचं बटण थरथरत्या बोटाला जमत नाही.

औषधाचा प्रश्न मी पूर्ण बंद केलाय. "उपासाला बीपीची गोळी घेऊ का?" असं विचारलं की ॲप डॉक्टरांना विचारायला सांगतं आणि मला फोन लावायचं बटण पुढं करतं. रचणाऱ्या ॲपनं याच प्रश्नाला लांबलचक सल्ला दिला होता. त्यात काय बरोबर, काय चूक, हे ठरवणारा मी कोण?

नांदेडच्या एका मित्राला त्याच्या आजीसाठी शिखांच्या गुरबाणीचं असंच ॲप हवं होतं. शब्द जसाच्या तसा राहिला पाहिजे ही त्यांची पहिली अट, त्यामुळे त्यानं साठ्याचाच सांगाडा नेला. तुमच्या घरच्या माणसाची खरी गरज रात्रीच्या गप्पांची असेल, शेजारी ताडून बघणारं कुणी असेल, तर रचणारं वापरून बघायला हरकत नाही. तिथी, व्रत आणि पाठ तेवढे त्याच्या हातात देऊ नका, असं मला वाटतं.

"हे माझ्याकडं नाही" असं उत्तर गेलं की तो प्रश्न एका यादीत पडतो, ती यादी मी दर रविवारी ऐकतो. गेल्या रविवारी त्यात आईचा एकच प्रश्न चार वेळा होता, "दळणाच्या ओव्या हायत का रं?" शेजारच्या काकूंना पंचवीस-तीस येतात म्हणे. पुढच्या खेपेला गोधड्या त्यांच्याच घरी टांगायच्यात. जातं अजून त्यांच्या न्हाणीजवळ आहे.