कोकणात पुढचं दार: सागवान की फ्लश डोअर?
कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि दार कुजतं ते बहुधा खालच्या कडेनं. फ्लश डोअर, म्हणजे प्लायचं सपाट दार, स्वस्त, पण सुतार उंबऱ्याच्या मापानं खाली रंधा मारतो नि ती कड कोरीच सोडतो. तिथून पाणी चढतं, प्लाय फुगतो, थर सुटतात. वरचा सनमायका कितीही चकचकीत असो. सागवानात अंगचं तेल असतं, त्यामुळे बुरशी, वाळवी सहसा लांब राहतात. मात्र हे गाभ्याच्या लाकडाचं. पांढरट फळी सागाची असली तरी कुजते. शिवाय महाग. तरी पागोळ्या थेट दारावर येत असतील तर मी सागच घेईन. खोल पडवी असेल तर बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही थर न सुटणाऱ्या) दर्जाचं फ्लश डोअर चालेल, खालची कड प्रायमरनं बंद करून.