स्टील गिटारसाठी ॲम्प : नॅशव्हिल ११२, ट्विन रिव्हर्ब की जेसी-४०? काही महिन्यांच्या वापरानंतर

तिन्हींवर पेडल स्टीलही (पायाच्या पेडलांनी तारांचे सूर बदलणारी स्टील गिटार) वाजवली आणि आठ तारांची हवाईयनही. फक्त स्टीलसाठी ॲम्प घ्यायचा असेल, तर माझं मत पीव्ही नॅशव्हिल ११२ ला.

आधी वॅटचं बघू. स्टीलवाला तार छेडताना व्हॉल्यूम पेडल अर्धवट दाबतो आणि सूर विरायला लागला की पाय पुढे नेतो. नेहमीचा आवाज अर्ध्या पेडलवरच मिळायला हवा, म्हणून ॲम्प चढाच ठेवावा लागतो. त्यात जोरात छेडताना पाय थोडा जास्त गेला, की कमी वॅटचा ॲम्प फाटलाच.

नॅशव्हिल ८० वॅटचा, १२ इंची एकच स्पीकर, ट्रान्झिस्टरवाला. खरी गंमत त्याच्या मिड (मधले सूर कमी-जास्त करणारं बटण) आणि शिफ्टमध्ये (ते कोणत्या फ्रिक्वेन्सीवर करायचं ते ठरवणारं बटण) आहे. वरच्या तारा बाराव्या पट्टीपुढे नाकात बोलतात. शिफ्ट ८०० हर्ट्झच्या आसपास ठेवून मिड ६ ते ८ डेसिबल उतरवा, तो नाकातला सूर जातो आणि मींड गोल होते. बेस मात्र जपून. पेडल स्टीलच्या सी-सिक्स (सी-सिक्स कॉर्डात लावलेल्या) नेकची दहावी तार ६५ हर्ट्झची. पोकळ लाकडी स्टेजवर ती नुसती घुमते. अशा वेळी ॲम्प खुर्चीवर ठेवा.

अमेरिकेतून आणलेला पीस १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० ला थेट लावू नका, फ्यूज तरी जाईल नाहीतर ट्रान्सफॉर्मर. ५०० व्हीएचा (व्होल्ट-ॲम्पिअर) स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो, पण आउटपुटला तीन पिनांचं सॉकेट आणि आतून अर्थिंग जोडलेलं आहे का, हे मीटर लावून बघा. दोन पिनांच्या स्वस्त डब्यात अर्थिंग तुटतं. मग हम (सततची घुरघुर) येतो, आणि हातात तारांवर सरकवायचा धातूचा बार, बोटांत धातूचे पिक, म्हणजे शॉकचीही भीती.

फेंडर '६५ ट्विन रिव्हर्बचा गोडवा वेगळाच; ८५ वॅट, आणि रिव्हर्ब (आवाजाला मोठ्या सभागृहासारखी घुमक देणारा इफेक्ट) ऐकून बाकी सगळं माफ. ब्राइट स्विच बंद, पिकअप तगडा असेल तर इनपुट २ (तिथे सिग्नल निम्मा होतो). पण वजन जवळपास २९ किलो, आणि चार ६एल६ व्हॉल्व्ह बदलायचे तर जुळलेला संच घेऊन बायस (व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट) लावून घ्यावा लागतो. लिफ्ट नसेल तर विचार करा.

रोलंड जेसी-४० घरी आणि रेकॉर्डिंगला उत्तम. १० इंची दोन स्पीकर, स्वच्छ आवाज, स्टीरिओ लाइन-आउट. ढोलकी-ड्रम्ससमोर मात्र खालच्या तारा हरवतात. कोरस (सूर डोलवणारा इफेक्ट) बंदच ठेवा: बारचं कंपन आणि कोरसचं डोलणं एकत्र आलं की सूर नेमका कुठे आहे ते कळत नाही.

अर्ध्या पेडलवर ट्रेबल मरत असेल तर दोष ॲम्पचा नसेलही. ५०० के (किलो-ओहम) पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रेझिस्टरच्या) व्हॉल्यूम पेडलनंतर लांब केबल असली की वरचे सूर गळतात. पेडल ते ॲम्प केबल ३ मीटरच्या आत ठेवून बघा. जास्तच लागत असेल तर पेडलनंतर बफर (लांब केबलमध्येही वरचे सूर टिकवणारं छोटं सर्किट) लावा.