टोबरमरीच्या चित्रापायी 126 पौंड गेले, तुम्ही तरी सांभाळा

आम्ही ग्लासगोला राहतो. मागच्या जूनमधे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या मल (Mull) बेटावर गेलो होतो, ओबानहून फेरीने पाऊण तासात क्रेगन्युअर आणि पुढे बसने टोबरमरी. 1788 साली मच्छीमारीसाठी मुद्दाम वसवलेलं हे छोटंसं गाव, बंदराला लागून लाल, पिवळ्या, निळ्या घरांची रांग, भरती असली की ते सगळे रंग पाण्यात हलताना दिसतात. तिथल्या एका दुकानात याच बंदराची प्रिंट मला खूप आवडली होती, पण बाहेर पाऊस, पाठीवर सॅक, म्हटलं घरी जाऊन मागवू.

घरी आल्यावर फोनवर तशाच चित्राची जाहिरात आली. लिमिटेड एडिशन, फक्त 150 प्रती, चित्रकाराची हाताने केलेली सही, पत्ता मल बेटाचा, किंमत 140 पौंड. बँक ट्रान्सफर केलं तर 10 टक्के सूट, मी लगेच 126 पौंड पाठवले.

तीन आठवड्यांनी चित्राची गुंडाळी असलेली नळी आली ती परदेशातून. कागद पातळ आणि चकचकीत, जाड कॉटन पेपरचा पत्ताच नाही. सही आणि 23/150 हा आकडा (150 पैकी 23 वी प्रत) पेन्सिलचा वाटत होता म्हणून खोडरबराने अगदी हलकं घासून बघितलं, काही पुसलं जाईना, मग फोनचा कॅमेरा जवळ नेऊन झूम केलं तर सहीतसुद्धा गुलाबी-निळे ठिपके! म्हणजे सहीपण छापलेलीच. आणि घड्याळाचा टॉवर, जो खरा रस्त्याच्या पाण्याकडच्या बाजूला उभा आहे, तो यांनी घरांच्या रांगेत घुसवलेला. ज्याने हे चित्र बनवलं तो टोबरमरीला कधी गेलेलाच नाही हे मला तिथेच कळलं, इतकं वाईट वाटलं ना.

मेल केला तर म्हणे 20 टक्के परत देतो, प्रिंट ठेवा. मी नाही म्हटलं, इथे ऑनलाइन वस्तू हातात आल्यापासून 14 दिवसांत परत करता येते हे सांगितलं, त्यानंतर एकही उत्तर नाही. बँक म्हणाली वस्तू मिळालेली आहे, त्यामुळे हा तुमचा आणि विक्रेत्याचा वाद, आमच्या फसवणुकीच्या भरपाईत बसत नाही. हेच क्रेडिट कार्डने घेतलं असतं तर 100 पौंडांच्या वरची वस्तू म्हणून 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टच्या कलम 75 खाली कार्डवाल्यांकडेच पैसे मागता आले असते. 14 पौंड वाचवायला गेले आणि तो हक्कच घालवून बसले. म्हणून सांगते, कितीही सूट देऊ देत, अनोळखी दुकानाला बँक ट्रान्सफर करूच नका, आणि पैसे द्यायच्या आधी सहीचा जवळून काढलेला फोटो मागा, कागद कुठला, किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड, वजनदार), शाई पिगमेंट (लवकर न उडणारी) की साधी ते विचारा. खरा विक्रेता या गोष्टी आनंदाने सांगतो. स्कॉटलंडमधे तक्रार पोलिसांकडे 101 या फोन नंबरवर करायची, मी केली आहे.

शेवटी टोबरमरीच्या त्या दुकानात फोन केला आणि पहिली आवडलेली प्रिंटच मागवली. सहीचा फोटो त्यांनी न मागता पाठवला. ती आता हॉलमधे लावली आहे, लावायच्या आधी उजेडात तिरकी धरून बघितली, सहीतलं पेन्सिलचं शिसं चमकत होतं.